दिशाकुशल भिक्खू : अरण्यभ्रमंतीवरील एका ग्रंथाच्या निमित्ताने

पालि साहित्यात 'मग्ग' हा शब्द इतक्या वारंवार येतो, की वाचकाच्या मनात आता त्याची केवळ तात्त्विक छटा उरली आहे. अष्टांगिक मार्ग म्हटले की आठ अंगांची यादी आठवते. पायाखालची, काट्याकुट्यांतून जाणारी, पावसाळ्यानंतर गवतात बुडून नाहीशी होणारी वाट आठवत नाही. ज्यांनी हा शब्द धम्माच्या अर्थाने प्रथम ऐकला, त्यांचे आयुष्य मात्र वाटांवरच गेले होते. वर्षावासाचे तीन महिने वगळता भिक्खूसंघाची चारिका चालू असे आणि एका जनपदातून दुसऱ्यात जाताना मध्ये अरण्य लागे. ते ओलांडायचे कसे, वाट नसेल तेथे दिशा कशी ठरवायची, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. बौद्ध अध्ययनात या प्रश्नाकडे क्वचितच लक्ष दिले जाते. म्हणूनच कमला तियावनिच यांचा 'फॉरेस्ट रिकलेक्शन्स' हा ग्रंथ, १९९७ साली हवाई विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केलेला असूनही, आजदेखील पुन्हा पुन्हा उघडून पाहावा असा आहे.

ग्रंथाचा विषय विसाव्या शतकातील थायलंडचे फिरते अरण्यवासी भिक्खू हा आहे. आचान मुन (१८७०–१९४९) यांच्या परंपरेतील भिक्खूंच्या आठवणी, त्यांनी स्वतः सांगितलेली वा शिष्यांनी लिहिलेली चरित्रे, प्रवचने आणि मुलाखती हे या ग्रंथाचे साधन. थाई भाषेत या भ्रमंतीला 'थुदोंग' म्हणतात. हा शब्द पालि 'धुतंग' या शब्दावरूनच आला आहे. पण अर्थ सरकला आहे. पालि परंपरेत तेरा धुतंगे ही स्वेच्छेने घ्यावयाची व्रते आहेत आणि त्यांत प्रवासाचे असे एकही व्रत नाही. झाडाखाली राहावे, उघड्यावर राहावे, स्मशानात राहावे, अरण्यात राहावे. सर्वत्र क्रियापद राहण्याचे आहे. इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, भिक्खूंनी त्या शब्दात चालणे घातले. पाठीवर भिक्षापात्राची पिशवी, खांद्यावर 'क्लोत' नावाची मोठी छत्री, तिला झाडाच्या फांदीवर टांगून भोवती सोडायची मच्छरदाणी, पाणी गाळण्याचे साधन, आणि पुढे डोंगराळ सीमेपलीकडे लाओस व ब्रह्मदेशापर्यंत पसरलेले रान. शब्दाच्या अर्थातील हा बदल व्याकरणाच्या दृष्टीने किरकोळ वाटेल; धम्माच्या इतिहासाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

या विषयावर यापूर्वी लेखन झाले नव्हते असे नाही. स्टॅन्ली तांबिया यांचा अरण्यवासी संत आणि ताईतपूजा यांवरील ग्रंथ १९८४ साली आला, तर जे. एल. टेलर यांचा अरण्यभिक्खू आणि राष्ट्र-राज्य यांच्या संबंधांवरील ग्रंथ १९९३ साली. दोन्ही विद्वत्तापूर्ण आहेत. परंतु त्यांतील भिक्खू हा बहुतांशी एका समाजरचनेतील स्थान असतो; राजधानी, राजसत्ता, संघाची श्रेणी आणि श्रद्धाळू उपासक यांच्यामध्ये तो कोठे उभा आहे हे आपल्याला कळते. तो पाण्याविना दोन दिवस चालला तेव्हा त्याचे काय झाले हे कळत नाही. तियावनिच यांनी नेमके हेच विचारले. भीती, शरीरपीडा, कामवासना, प्रवासातील हालअपेष्टा, संघाधिकाऱ्यांशी आणि ग्रामस्थांशी आलेले संबंध अशी त्यांच्या प्रकरणांची रचना आहे. सिद्धान्ताकडून माणसाकडे न येता त्या माणसाकडून सिद्धान्ताकडे जातात. बँकॉकमध्ये छापलेल्या पाठ्यपुस्तकांतला आणि १९०२ च्या संघविषयक कायद्याने एका साच्यात बसवलेला बौद्ध धर्म म्हणजेच थायलंडचा बौद्ध धर्म, हा समज त्यांनी सप्रमाण खोडून काढला आहे. लाओ, ख्मेर, मोन, युआन अशा प्रादेशिक परंपरांना त्यांनी त्यांचा आवाज परत मिळवून दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

येथे एक अडचण मात्र उरते. आचान मुन यांनी उबोन येथे १८९३ साली उपसंपदा घेतली ती थम्मयुत निकायात; आणि हा निकाय म्हणजे एकोणिसाव्या शतकात राजपुत्र मोंगकुट यांनी आरंभिलेल्या, राजधानीच्या आश्रयाने वाढलेल्या सुधारणेचेच अपत्य. मध्यवर्ती सत्तेच्या विरुद्ध टोकाला ठेवलेला हा भिक्खू त्याच सत्तेच्या निकायातला निघतो. राजधानीची शिस्त आणि रानाचे शिक्षण एकाच माणसात कसे नांदले, या गाठीवर ग्रंथात अधिक विचार व्हायला हवा होता. साधनांविषयीही थोडे सावध राहावे लागते. शिष्याने गुरूच्या निधनानंतर लिहिलेल्या चरित्रात गुरू सहसा वाट चुकत नाही. चुकलाच, तर त्या चुकण्यातून काही अद्भुत निष्पन्न होते.

उदाहरणार्थ, आचान महाबुआ यांनी लिहिलेल्या आचान मुन यांच्या चरित्रात आचान चोब या शिष्याची एक कथा आहे. ते एका मोठ्या अरण्याच्या तोंडाशी येतात. पुढचे रान एका दिवसात ओलांडण्यासारखे नाही, त्यात वाघ आहेत, रात्र गावातच काढावी, असे ग्रामस्थ विनवतात. ते थांबत नाहीत. रात्री वाटेवर एक वाघ पुढून आणि एक मागून येतो. ते उभ्याउभ्याच चित्त एकाग्र करतात. समाधीतून बाहेर येतात तेव्हा वाघ निघून गेलेले असतात आणि ते कंदील लावून पुढे चालू लागतात. कथा प्रभावी आहे आणि ध्यानाच्या सामर्थ्याविषयी तिला जे सांगायचे आहे ते ती सांगते. पण आपण दुसऱ्या बाजूने वाचू. रान केवढे आहे, ओलांडायला किती वेळ लागतो, वाघ कोठे आहेत, हे सर्व ज्ञान त्या ग्रामस्थांकडे होते आणि ते अचूक ठरले. चरित्रकाराच्या दृष्टीने ते भित्रे लोक. कथेत त्यांचे काम भिक्खूचे धैर्य उठून दिसावे एवढेच. अशा कथांत अरण्य हे चित्ताच्या कसोटीचे स्थान होते, आणि रानाची माहिती असलेला माणूस पहिल्या परिच्छेदानंतर पुन्हा दिसत नाही.

हीच माझी प्रस्तुत ग्रंथाविषयीची मुख्य तक्रार आहे. भीतीला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, दिशाज्ञानाला नाही. हत्तींनी तुडवलेल्या मार्गाने जाणे, डोंगरवस्तीवरील लोकांना विचारणे, भिक्षेसाठी पुढची वस्ती किती अंतरावर आहे याचा अंदाज बांधणे, ही माहिती विखुरलेली सापडते. ती एकत्र करून तिचा धम्माच्या दृष्टीने अर्थ लावलेला नाही. जणू भय जिंकणे हा धम्म आणि वाट शोधणे हा केवळ व्यवहार. ही विभागणी लेखिकेने निर्माण केलेली नाही. ती आपल्या सर्वांच्या वाचनात मुरली आहे. विनयपिटक मात्र तिला दुजोरा देत नाही.

चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात एक प्रसंग आहे. काही भिक्खू अरण्यात राहत होते. त्यांनी पिण्याचे पाणी ठेवले नव्हते, वापरायचे पाणी ठेवले नव्हते, अग्नी ठेवला नव्हता, अरणी ठेवली नव्हती. त्यांना नक्षत्रे माहीत नव्हती आणि दिशाही माहीत नव्हत्या. तेथे चोर आले. त्यांनी पाणी मागितले, नाही. अग्नी मागितला, नाही. आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, असे विचारले, ठाऊक नाही. ही दिशा कोणती. तेही ठाऊक नाही. तेव्हा चोर आपसांत म्हणाले, की हे अरण्यवासी भिक्खू नव्हेत, हेच चोर आहेत. आणि त्यांना मारहाण करून ते निघून गेले. हा वृत्तान्त भगवंतांच्या कानावर गेल्यावर त्यांनी अरण्यवासी भिक्खूंचे वत्त, म्हणजे आचारनियम, घालून दिले. सकाळी उठून पात्र पिशवीत घालून खांद्याला लावावे, सामान आवरावे, दारे-खिडक्या बंद करून निघावे, इथपासून नियम सुरू होतात. पुढे पिण्याचे व वापरायचे पाणी भरून ठेवणे, अग्नी आणि अरणी सिद्ध ठेवणे, हातची काठी बाळगणे येते. आणि शेवटी, नक्षत्रे शिकावीत, सर्व किंवा त्यांतील काही. आणि दिशाकुशल असावे. नक्षत्रांच्या बाबतीत 'सर्व किंवा काही' अशी सवलत आहे. दिशांच्या बाबतीत ती नाही.

या प्रसंगातील विनोद लपून राहण्यासारखा नाही. चोरांनी भिक्खूंना चोर ठरवले, आणि त्यांचा तर्क चुकीचाही म्हणता येत नाही. जो रानात राहतो आणि ज्याला रान माहीत नाही तो तेथे लपायला आलेला असला पाहिजे, हे रानात वावरणाऱ्या माणसाचे अनुमान आहे. भगवंतांनी चोरांच्या हिंसेवर भाष्य केल्याचे येथे दिसत नाही. त्यांनी भिक्खूंची उणीव दूर केली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मागितलेल्या सहाही वस्तू परक्याला देण्याच्या आहेत. पाणी, अग्नी, तिथी-नक्षत्र आणि दिशा. अरण्यात वाट चुकलेल्या कोणालाही याच गोष्टी हव्या असतात, मग तो व्यापारी असो, गुराखी असो वा चोर. विनयकाराच्या कल्पनेतील अरण्यवासी भिक्खू जगापासून तुटलेला नाही. जेथे दुसरे कोणीच भेटणार नाही तेथे भेटणारा तो माणूस आहे, आणि त्याला विचारले तर त्याला सांगता आले पाहिजे.

आता या पार्श्वभूमीवर 'विसुद्धिमग्गा'चा दुसरा परिच्छेद वाचावा. धर्मानंद कोसंबी यांच्या देवनागरी आवृत्तीमुळे आपल्याकडील अभ्यासकांना तो मुळातून वाचणे सोपे झाले. आचार्य बुद्धघोषांनी तेथे आरण्यक धुतंगाचे विवेचन केले आहे. अरण्य कशाला म्हणावे? गावापासून किमान पाचशे धनुष्यांच्या अंतरावरील स्थान. ते अंतर कोठून मोजावे, गावाला कुंपण असेल तर कोठून, नसेल तर कोठून, याची सूक्ष्म चर्चा आहे. उत्कृष्ट, मध्यम आणि मृदू असे व्रतधारकांचे तीन प्रकार आहेत: पहिल्याने प्रत्येक अरुणोदय अरण्यातच पाहायचा, दुसऱ्याने पावसाळ्याचे चार महिने गावात राहिले तरी चालते, तिसऱ्याला हिवाळ्याचीही सूट. व्याख्या म्हणून हे सर्व निर्दोष आहे. पण वत्तक्खन्धकातील नक्षत्रे आणि दिशा या विवेचनात कोठे आहेत? अरण्य हे येथे अंतर झाले आहे. गावापासून पाचशे धनुष्ये दूर बसलेल्या भिक्खूला त्यापुढच्या रानाची ओळख असण्याची गरज उरलेली नाही. गावाकडे परत जाणारी वाट माहीत असली की पुरे. प्रस्थापित, दानसंपन्न विहारांच्या काळातील आचार्याने असे लिहावे हे समजण्यासारखे आहे. आपल्या सह्याद्रीतील लेणीसुद्धा, दामोदर कोसंबी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, जुन्या व्यापारी मार्गांच्या आधाराने उभी आहेत. आज ती निर्जन वाटतात म्हणून त्यांना वाटा नसलेल्या रानातली समजण्याचे कारण नाही.

सुत्तपिटकातील उपमा मात्र वाटेची जाण असलेल्या माणसाच्या आहेत, आणि त्या शब्दशः घेतल्यावर अधिक खुलतात. मज्झिम निकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात राजगृहाचा रस्ता विचारला जातो. अमुक गाव लागेल, मग अमुक निगम लागेल, अशी वस्त्यांच्या खुणांनी दिशा सांगितली जाते. हा वहिवाटीचा रस्ता. संयुत्त निकायातील तिस्स सुत्त वेगळे आहे. तेथे मार्ग न जाणणारा मार्ग जाणणाऱ्याला विचारतो आणि उत्तरात एकही गाव येत नाही. थोडे जा, दोन फाटे दिसतील, डावा सोडून उजवा घे. पुढे दाट वनराई लागेल, पुढे दलदलीची सखल जमीन, पुढे खोल कडा, आणि मग सपाट रमणीय भूमी. भगवंत स्वतःच प्रत्येक खुणेचा अर्थ सांगतात: फाटा म्हणजे संशय, वनराई म्हणजे अविद्या, दलदल म्हणजे कामभोग, कडा म्हणजे क्रोध आणि निराशा, सपाट भूमी म्हणजे निब्बाण. आपल्याकडील प्रवचनांत हे समीकरण सांगून विषय संपवला जातो. परंतु या वाटाड्याच्या बोलण्यातील एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो दलदल टाळणारी वाट सांगत नाही. योग्य फाटा धरल्यानंतरच अरण्य, दलदल आणि कडा लागतात. म्हणजे अडचण आली याचा अर्थ वाट चुकली असा होत नाही. उलट त्या खुणा क्रमाने लागल्या तर चालणाऱ्याने समजावे, की आपण बरोबर आहोत. ज्याने अनोळखी रानात सांगीव खुणांवर प्रवास केला आहे त्याला हे लगेच पटेल. ग्रंथालयात बसून हे सुत्त वाचणाऱ्याला ते सुचत नाही.

नगर सुत्तातील उपमा तर अधिक प्रसिद्ध. अरण्यात हिंडणाऱ्या माणसाला पूर्वीच्या लोकांनी वापरलेली जुनी वाट दिसते, ती धरून तो उद्याने आणि तळी असलेल्या प्राचीन नगरापर्यंत पोहोचतो. बुद्धाने मार्ग निर्माण केला नाही, तो पुन्हा शोधला, असा तिचा अर्थ सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. पण बुजलेली वाट ओळखू येणे हे कौशल्य आहे. जमिनीचा किंचित खोलगटपणा, झाडांच्या रांगेतील खंड, दगडांची मांडणी हे पाहणारा डोळा नसेल तर जुन्या वाटेवर उभे राहूनही ती दिसणार नाही.

जातकट्ठकथेतील वण्णुपथ जातकात हे कौशल्य एका व्यक्तीच्या हाती दिलेले आढळते. साठ योजने वाळूचे कांतार ओलांडणाऱ्या तांड्याबरोबर 'थलनियामक' आहे, म्हणजे जमिनीवरचा सुकाणूधारी. दिवसा वाळू तापते म्हणून तांडा रात्री चालतो. थलनियामक पहिल्या गाडीत पडून तारे पाहत दिशा सांगतो. अनेक रात्रींच्या जागरणाने त्याला डुलकी लागते, बैल मागे वळतात, आणि पहाटे तारे पाहून तो ओरडतो तेव्हा तांडा कालच्याच मुक्कामावर परतलेला असतो. पाणी आणि सरपण आधीच टाकून दिलेले. कथेचा रोख पुढे बोधिसत्त्वाच्या चिकाटीकडे आहे. गवताचा झुबका पाहून तो तेथे खणायला लावतो आणि खडक फोडून पाणी निघते. दोन्ही वेळा निर्णायक ठरते ते निरीक्षण: ताऱ्यांचे न झालेले, आणि गवताचे झालेले. अप्पमादाची शिकवण यापेक्षा मूर्त रूपात क्वचितच सापडेल.

भीतीच्या प्रकरणाकडे आता परत जाता येईल. तियावनिच यांचे ते प्रकरण ग्रंथातील सर्वांत समर्थ आहे. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात भगवंत बोधिपूर्व काळातील स्वतःच्या रात्री सांगतात: हरीण आले, मोराने काटकी मोडली, वाऱ्याने पाने वाजली, की वाटे भय आले, आणि चालत असता भय आले तर ते चालता चालताच जिंकावे, उभे असता उभ्यानेच, असा त्यांचा निश्चय. इसानचे भिक्खू हेच सुत्त पायांनी वाचत होते असे म्हणता येईल. पण याच सुत्तात रात्रीला दिवस आणि दिवसाला रात्र समजणाऱ्या श्रमणांना भगवंत मोहग्रस्त म्हणतात, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रात्र ही रात्रच आहे आणि दिवस हा दिवसच आहे, असे जाणणे त्यांना महत्त्वाचे वाटते. काटकी मोराने मोडली हे कळणे आणि भय ओसरणे यांत फार अंतर नाही. धैर्य आणि यथार्थ ज्ञान यांना वेगळ्या प्रकरणांत बसवले की हा दुवा तुटतो.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच विचारले होते, की बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून. केवळ परिपूर्ण माणूस असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रश्नामुळे मराठी बौद्ध लेखनात अरण्यवासी भिक्खूकडे काहीसे संशयाने पाहिले गेले, आणि तो संशय अकारण नव्हता. दुसरीकडे, अलीकडे ध्यानाच्या वाढत्या आकर्षणामुळे तोच भिक्खू एकांताचे रम्य चित्र म्हणून परत आला आहे. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात: अरण्यात जाणे म्हणजे माणसांपासून दूर जाणे. वत्तक्खन्धकातील चोर हे गृहीत मान्य करणार नाहीत. बाबासाहेबांच्या कसोटीवर तो भिक्खू उतरतो की नाही हे त्याच्या पत्त्यावरून ठरवता येत नाही. वाटसरूने दिशा विचारली तर त्याला सांगता येते की नाही, यावरून काही ठरू शकेल. तियावनिच यांच्या ग्रामस्थांवरील प्रकरणात या दृष्टीने पुष्कळ सामग्री आहे. भुताखेतांच्या भयाने ग्रासलेल्या वस्तीत जाऊन राहणारा, शील समजावणारा, आजाऱ्याजवळ बसणारा भिक्खू तेथे भेटतो. ग्रामस्थ त्याला रान सांगतात आणि तो त्यांना भय सोडायला शिकवतो, अशी ती देवघेव आहे.

ग्रंथाचा शेवटचा भाग वाचवत नाही, इतका तो विषण्ण आहे. रस्ते आले, लाकूडतोड आली, बंडखोर आणि सैनिक यांच्या संघर्षात फिरता भिक्खूही संशयित ठरू लागला. १९६१ साली थायलंडच्या निम्म्याहून अधिक भूमीवर वन होते. तीन दशकांच्या आत ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेत महापूर आला आणि वृक्षतोड झालेल्या डोंगरांवरून ओंडके व चिखल गावांवर कोसळले. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारने वृक्षतोडीचे परवाने बंद केले. उरलेली वने राखीव झाली आणि त्यांत राहणाऱ्यांना, भिक्खूंसह, बाहेर काढण्याचे धोरण आले. आचान चा यांनी १९५४ साली उबोनजवळ स्थापलेल्या वात नोंग पा पोंगसारखे विहार आज भोवतालच्या भातशेतीत झाडांची बेटे होऊन राहिले आहेत. अशा बेटात वाट चुकण्याचा संभव नाही. थुदोंगची परंपरा नष्ट झाली असे म्हणता येणार नाही. पण ज्या रानात दिशाकुशल असणे अपरिहार्य होते ते रान त्या प्रमाणात आता नाही, आणि एका पिढीच्या पायांत असलेले ज्ञान केवळ चरित्रांतून पुढे जात नाही.

छपाई चांगली आहे. थाई व लाओ नावांच्या लेखनपद्धतीमुळे आपल्या वाचकांना प्रारंभी त्रास होईल, आणि आचान मुन, आचान महाबुआ यांची नावे अन्य ग्रंथांत वेगळ्या रूपांत भेटतील, हे लक्षात ठेवावे. या ग्रंथाचा मराठी अनुवाद करू इच्छिणाऱ्याने शेवटी वत्तक्खन्धकातील आरण्यकवत्त मूळ पालिसह परिशिष्ट म्हणून जोडावे. जास्तीत जास्त दोन पाने लागतील.